डाव्या कोपऱ्यातला अंगठा

तालुक्याच्या अभिलेख कक्षात मीना दिवसभर एकटीच असे. जमिनींच्या जुन्या फेरफार-नोंदींचा एकेक कागद स्कॅनरच्या कॅमेऱ्याखाली ठेवायचा, बटण दाबायचं, दिवा लागून विझेपर्यंत श्वास रोखून बसायचं आणि फोटो हार्ड डिस्कवर चढवायचा, एवढंच काम. पण सरकारी कागदाला सरळ राहायची सवयच नसते. उजवा कोपरा अंगठ्याने दाबला की डावा उठे, कारण तिचा डावा हात बटणावर अडकलेला. फोटोत रबरी टोपी घातलेला तिचा अंगठा यायचाच. तो नंतर संगणकावर छाटायचा.

एका दुपारी छाटताना तिला डाव्या कोपऱ्यातही अंगठा दिसला. उघडा, सुरकुतलेला, सही न येणाऱ्या माणसाचा असतो तसा निळ्या शाईने माखलेला. ती दचकली, दार बघून आली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता, तिसऱ्याही. आणि कागद खरोखरच सपाट राहू लागले. हळूहळू भीती विरली. नवरा गेल्यापासून वडीगोद्रीच्या खोलीत तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आता सकाळी एसटीत बसताना कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटे. तिने तो अंगठा कधीच छाटला नाही.

मग स्कॅनिंगच्या ठेकेदाराचा माणूस, सोमेश्वर, फोटो तपासायला आला.

"ताई, हा दुसरा अंगठा कुणाचा? कुणाला बसवून राह्यल्या इथं?"

"कुणालाच न्हाई."

"मंग आपोआप आला काय? आजच्या आज समदे छाटा, न्हाईतर उद्यापासून काम बंद."

तिने संध्याकाळपर्यंत ते सगळे छाटले. शेवटी शेवटी तिला पडदा नीट दिसेना, इतकं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी कागदाचा डावा कोपरा उठला तो उठलाच. तिने बटणावरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"माझ्या मनात न्हवतं हो," ती हळूच म्हणाली. "काम गेलं असतं, तर इथं तरी कशी आले असते?"

कागद तसाच राहिला. पण तिच्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं आणि कोपरा सपाट करावा तसं सावकाश दाबू लागलं. किती दिवसांनी तिला कुणी हात लावला होता. मीनाने पाठ सरळ केली, सवयीने श्वास रोखला.

स्कॅनरचा दिवा लागला, तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवरच होते.