माक पिआच्या नावाचा इफ्तार

रमजानात मनात राग ठेवू नये म्हणतात. हसलिंडाने आपला राग रमजान लागायच्या आधीच धरला होता आणि चांगला मुरवला होता. आता चंद्र दिसला म्हणून काय फेकून द्यायचा?

आणि का फेकायचा? मलेशियातल्या सेरेंबान शहराच्या त्या हॉटेलातले वर्षाचे सगळे मोसम तिनेच आखायचे. चिनी नववर्षाच्या मेजवान्या झाल्या की रमजानचा बुफे, मग ड्युरियन फळांचे दिवस, मग डिसेंबरातली लग्नं. यंदा रमजानला नवीन काय द्यायचं म्हणून मॅनेजर बदरुलसाहेब डोकं धरून बसले, तेव्हा तीच म्हणाली, "माझ्या आईचं नाव लावू या. आमच्या कुआला पिलाहकडे नुसतं माक पिआ म्हटलं तरी लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं." माक म्हणजे आई. पिआला सगळ्या गावानेच आई करून टाकली होती. बुफेचं नाव ठरलं 'माक पिआचं स्वयंपाकघर'. फोटोवाला गावी गेला, म्हातारी चुलीपाशी बसून गोड हसली. नारळात आटवलेल्या मांसाचं रेंडांग आणि नारळाच्या दुधातली रस्सेदार गुलाई तिच्या नजरेखाली शिजणार, असंही ठरलं.

सगळं जमून आलं आणि साहेबांनी हसलिंडाला केबिनमध्ये बोलावलं. "लिंडा, आखणी तर झालीच आहे. पुढचं माझी मेहुणी बघेल. तू दमलीयस गं, आराम कर आता." आराम म्हणजे घरी बस. मेहुणी आली ती आयत्या बिळावर नागोबा होऊनच. माक पिआची देखरेख गेली, ताजा नारळ गेला, मसाला पाकिटातून आला. राहिलं काय, तर माक पिआचं तोंड. हॉटेलच्या दारावर, दुमजली.

"निदान फोटो तरी उतरवा," हसलिंडा फोनवर म्हणाली होती.

"अगं, फोटो हॉटेलच्या पैशाने काढलाय," साहेब म्हणाले आणि हसले.

ते हसणं तिच्या काळजात रुतलं. नोकरी गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं एक वेळ. पण आपल्या आईचं नाव लावून हा माणूस लोकांना पाकिटं खाऊ घालणार, आणि लोक घरी जाऊन म्हणणार, माक पिआच्या हाताला आता चव राहिली नाही? छे! त्याला भर मांडवात उघडा पाडायचा, तोही आईच्याच तोंडून.

आईच्या जिभेला हाड नव्हतं, हे तर जगजाहीर. गावातल्या लग्नघरी ती पातेल्यात डोकावली की आचारी मागे सरायचे. "नारळ पिळलास की नुसता दाखवून आणलास रे, मेल्या?" असं ती बोलायची. ही तोफ पहिल्याच संध्याकाळी, उद्घाटनाला बोलावलेल्या वार्ताहरांसमोर डागायची, की काम फत्ते.

तिने लवकर नोंदणीच्या सवलतीत दोन जागा घेतल्या. ती सवलतही तिचीच कल्पना. आईला सांगितलं इतकंच की हॉटेलवाल्यांनी मानाने बोलावलंय. म्हातारीने नवीकोरी बाजू कुरुंग, सणासुदीचा पायघोळ पोशाख, घातली, पावडर लावली, आणि दारावरचा स्वतःचा फोटो बघून लाजली. "अगंबाई, केवढी मी!" हसलिंडाने तिला हाताला धरून दाराकडे वळवलं.

त्या दोघींना दारात बघून साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस पक्का बनेल. पुढे झाला, वाकून म्हातारीचा हात हातात घेतला, ओठांना लावला. "माक! या, या, तुमचंच घर आहे!" नेऊन थेट मधल्या टेबलावर बसवलं. कॅमेरे वळले. हसलिंडाने मनात म्हटलं, बस बाबा, चढून बस सुळावर.

ताटं वाढून सगळे अजानची वाट बघत बसले. अजान झाली. म्हातारीने खजूर खाल्ला, पाणी प्यायली, रेंडांगचा घास घेतला. हसलिंडाने स्वतःच्या ताटाला हातसुद्धा लावला नाही. आईच्या भुवया वर गेल्या, घास तोंडात घोळला. बोल आई, आता बोल!

साहेबच माईक घेऊन आले. "माक, कसं झालंय तुमचं रेंडांग?"

"अल्हम्दुलिल्लाह," म्हातारी देवाचे आभार मानत म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

हसलिंडाच्या अंगाची लाही लाही झाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळच बडवून घेतलं असतं. आईची जीभ चालायची ती चुलीपाशी. ताटात पडलेल्या अन्नाला ती जन्मात कधी नावं ठेवत नव्हती, आणि रोजा सोडतानाच्या घासाला तर नाहीच नाही. आपल्या आईच्या जिवावर डाव मांडला आणि आपण आईलाच विसरलो! साहेबांनी तिच्याकडे बघून तेच हसू हसलं, अगदी फोनवरचं.

"पण पोरा," म्हातारीने माईक धरून ठेवला, "दारावर नाव माझं आहे ना?"

"तुमचंच, माक."

"मग ही सगळी माणसं माझ्याकडे आली. माझ्या दारी रोजा सोडायला आलेल्याकडून मी आजवर पैसा घेतला नाही. रोजेदाराला जेवू घालायचं पुण्य कोणी विकतं का? बाळांनो, पोटभर जेवा. आज कुणी पैसे द्यायचे नाहीत. हो ना रे बदरुल?"

सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. वार्ताहर तर उभेच राहिले. साहेबांनी कॅमेऱ्यांकडे पाहिलं. "हो... हो, माक. आजच्यापुरतं..."

"आजच्यापुरतं का? माझा फोटो दारावर आहे तोवर हे माझं घर. सांगा हो सगळ्यांना, महिनाभर या!"

मगरीबची नमाज उरकून दोघी बाहेर आल्या, तर दाराशी शिडी लागलेली. दोन माणसं घाईघाईने फलक सोडवत होती. फोटोतल्या म्हातारीची हनुवटी सुटून लोंबत होती. हसलिंडाला इतका आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"मला भांडायला आणलं होतंस ना गं?" आई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पाकीट पहिल्या घासाला कळलं. आणि तू उपाशीपोटी त्याच्याकडे बघत बसलीस, त्यावरून बाकीचं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"अन्नाने काय घोडं मारलंय माझं? ज्याने मारलं त्याला वाढलं की पोटभर!"

मागून साहेब धापा टाकत आले. मालकाचा फोन येऊन गेला असावा, कारण कपाळावर घाम होता आणि आवाज रडवेला. "माक, चुकलं माझं. आत येऊन एवढं सांगा, की तुम्ही गंमत केलीत. माफ करा मला."

म्हातारीने त्याच्या गालावर मायेने हात फिरवला. "माफी ईदला मागतात रे, पोरा. घरोघर जाऊन, हात हातात घेऊन. तूही ये, गुलाई करीन तुझ्यासाठी," ती म्हणाली आणि लेकीचा हात धरून गाडीकडे वळली. "आज तर पहिलाच रोजा आहे. ईदला अजून अख्खा महिना आहे."