गोरज मुहूर्तावरची खरखर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बसलाच, तर मला तुमचीच काळजी वाटेल. पण एका लग्नात चार पुढाऱ्यांची भाषणं मी एक शिवी न देता, एक वायर न तोडता बंद पाडली आणि मुहूर्त वाचवला.

नाशिक रोडला माझं मंडप-स्पीकरचं दुकान आहे. परवा तिथे हर्षल आला होता, बहिणीच्या साखरपुड्याचा माइक ठरवायला. बाकावर कळवणकडचं एक गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं. पुतण्याच्या जावळाला भोंगे हवे होते त्याला. मान खाली, बिस्कीट कपात.

हर्षल म्हणाला, "रावजीकाका, हॉलवाल्याने सगळीकडे एलईडी लावलीय. कॉर्डलेस माइक खरखरेल का हो?"

मला हे विचारणं म्हणजे उतारावर उभ्या ट्रॅक्टरचा ब्रेक काढणं. मी सुरू झालो.

दोन हजार सातची गोष्ट. कळवणजवळच्या एका गावात लंकाबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न. मुहूर्त गोरज. आमच्याकडे लग्नात अक्षता पडण्याआधी पुढारी आशीर्वाद देतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक जण सुरुवातीला म्हणतो, "मी जास्त वेळ घेणार नाही," आणि तेवढं सांगायलाच पाव तास घेतो. थोरल्या मुलीच्या लग्नात असाच मुहूर्त टळला होता. तेव्हापासून तिच्या सासरी काहीही बिघडलं की खापर मुहूर्तावर.

लंकाबाईंनी मला मंडपातच गाठलं. "रावजीभाऊ, थोरलीकडं दूध नासलं तरी तिची सासू म्हणती, मुहूर्त टळला व्हता ना! धाकलीच्या नशिबी ते नको. भाषणं आवरा, नायतर तुमचे भोंगे विहिरीत टाकीन."

"ताई, मुहूर्ताची जबाबदारी माझी," मी म्हणालो. पुढाऱ्यांना आवरणं भटजींना जमलं नव्हतं, पोलीस पाटलांना जमलं नव्हतं. मग उरलो मीच.

रोषणाई गोटीरामची होती. त्याने दिल्लीहून एलईडीची कमान आणली होती, आणि तिच्याकडे पाहून असा मिरवत होता, जणू दिव्याचा शोध त्यानेच लावलाय. दुपारी माझा माइक खणखणीत होता. दिवस कलायला लागला, त्याने बटण दाबलं आणि भोंग्यातून आवाज आला, खर्र! कढईत एकदम शेरभर मोहरी पडल्यासारखा.

"तुमचा माइक पडेल आहे," गोटीराम म्हणाला.

"बंद कर रे जरा कमान."

बंद केली. माइक साफ. चालू केली. खर्र!

"योगायोग आहे," गोटीराम म्हणाला. त्याच्या धंद्यात याला तपासणी म्हणतात.

गोष्ट साधी आहे. कॉर्डलेस माइकचा आवाज हवेतून रिसिव्हरच्या अँटेन्यापर्यंत येतो. स्वस्त एलईडीला वीज पुरवणारा जो डबा असतो, तोही हवेत आपली कचकच सोडत असतो. अँटेना बिचारा दोघांचं ऐकतो आणि जवळच्याचं जास्त ऐकतो. ग्रामसभेत चालतं तसंच. मी रिसिव्हर कमानीपासून उचलून स्टेजच्या मागे, माइकच्या जवळ नेला. खरखर गेली.

दुसरा कुणी इथेच थांबला असता. पण रोग कळला की औषध उलटंही देता येतं. सरपंच माइककडे निघाले तसा मी रिसिव्हर गुपचूप परत नेला आणि गोटीरामच्या डब्याला चिकटवून ठेवला. वायरचा माइक गादीखाली सरकवला आणि वर स्वतः बसलो.

"मी जास्त वेळ..." सरपंच म्हणाले. खर्र! बसले. सोसायटीचे चेअरमन उठले. त्यांनी माइकवर फुंकर मारली, थोपटला, झटकला. खर्र! तेही बसले. बाजार समितीच्या संचालकांनी तर माइक उलटा धरून पाहिला. हा भागही खरा आहे बरं का.

शेवटी झेडपीचे मेंबर उठले आणि खरखरीच्या वरताण ओरडायला लागले. एलईडीलाही मानपान असतो! ती पेटली. असा खर्राटा सुटला की रानातल्या गाईंना वाटलं, बोलावणं आलं. अख्ख्या गावाच्या गाई शेपट्या उभारून मंडपात! खऱ्या गाई, खरी धूळ. असा गोरज मुहूर्त पंचांगकर्त्यांनीही पाहिला नसेल. मेंबर खुर्चीवर चढले, एका कपिलेने त्यांचा हार खाल्ला, भटजींनी तेवढ्यात अंतरपाट धरला आणि अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. लंकाबाईंनी मला नारळ दिला. मी स्टेजवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. मला माइकचा मोह नाही. 'हॅलो, टेस्टिंग' एवढ्यावरच आयुष्य गेलं माझं.

हर्षल तोंड उघडं टाकून बसला होता. बाकावरच्या गिऱ्हाइकाने कप खाली ठेवला.

"काका, मुहूर्त टळला व्हता."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी वाल्मीक. नवरदेव मीच व्हतो. फेट्यात अन् मुंडावळ्यांत दिसलो नसंल तुम्हाला. खर्र झालं, पुढारी गुमान बसले, इथपर्यंत खरं हाय. सासूबाईंनी तर हात जोडले देवाला. मग तुम्ही गादीखालून वायरचा माइक काढला अन् स्टेजवर चढले, खरखर का व्हती ते समद्यांना समजून सांगाया. पहिलंच वाक्य, मी जास्त वेळ घेणार नाही! काका, गाई आपापल्या घरी गेल्या, धारा निघाल्या, दूध डेअरीत गेलं, अन् तुम्ही अजून अँटेन्यावरच!"