एकही भोक नसलेली ओढणी

पनवेलच्या आमच्या घरात माझ्या क्रोशातून काही सुटलेलं नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडललासुद्धा. सुटली होती ती फक्त माणसं, कारण मी विणलेलं अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. हे मला फार लागायचं.

म्हणून सासूबाई मक्केला, उमराच्या यात्रेला निघाल्या तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "अम्मी, तुमची नमाजची ओढणी मी विणणार."

अम्मींनी आधी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विण. पण केस दिसता नाय कामा, बिल्कीस."

पहिली विणली उंच खांबांच्या टाक्यांची. दिसायला सुरेख, पण खांबाखांबामधून अम्मींचे मेंदी लावलेले केस डोकावत होते. माझं डोकंच फिरलं. दुसरी मी बारीक सुईनं, मुक्या खांबात, म्हणजे सगळ्यात बुटक्या टाक्यात, दातओठ खात विणली. माझा राग सगळा हातात उतरतो. टाके असे आवळले गेले, की अम्मी सजद्यात कपाळ टेकायला वाकल्या तरी ओढणी पुठ्ठ्यासारखी ताठच. माझी मुलगी हुदा हसू दाबायला तोंडात दुपट्टा कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी तिच्यामागे गेले ती रडायला.

हुदानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. "मम्मी, दोरा बारीक घे, सुई जाड. अर्धा खांब घाल, तोही खालच्या टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले. ती कॉलेजला गेल्यावर गुपचूप तसंच करून पाहिलं.

अर्धा खांब बुटका, त्यामुळे फट राहत नाही. मागच्या धाग्यातून घातला, की ओळी वळायला मोकळ्या. आणि माझा हात कितीही आवळला, तरी जाड सुई टाक्याला श्वास घ्यायला जागा ठेवते. मला जन्मात जमली नव्हती ती सबुरी त्या सुईला जमली. कापड दाट झालं आणि खांद्यावरून अलगद खाली आलं. अम्मींनी ही तिसरी ओढणी घडी करून बॅगेत ठेवली.

अम्मी परतल्या तेव्हा दारातच मी आधी त्यांचं डोकं पाहिलं. विकतचा काळा स्कार्फ. बॅग उघडली, तर आत माझी ओढणी जमजमच्या पवित्र पाण्याच्या कॅनला घट्ट गुंडाळलेली.

"शेवटी कव्हरच केलंत ना?" मी तडकले.

"कॅन फुटेल म्हणून आज काढली," अम्मी म्हणाल्या. "नायतर रोज तीच होती."

विश्वास न बसून मी ओढणी उलगडली. हनुवटीखाली, रोज पिन लावायच्या जागी, टाके ओढले जाऊन एक भोक पडलं होतं.

"आण, मी नीट करते," हुदा म्हणाली.

एरवी माझा एक टाका निसटला तरी मी घर डोक्यावर घेते.

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.