कॉम्प्युटरातली वेगळी चूल

माझी सून संघमित्रा हिच्याशी मी बावीस दिवस बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. तिनं घरच्या कॉम्प्युटरात मला वेगळी चूल मांडून दिली होती.

आधी कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यांचं सगळं एकाच ठिकाणी दिसायचं. एके दिवशी पडद्यावर दोन चित्रं आली. एकाखाली तिचं नाव, दुसऱ्याखाली 'आई'.

"आई, तुम्ही तुमच्या नावावर टिचकी मारून आत जायचं. तुमचे फोटो, तुमची गाणी, सगळं तिथे आहे. मराठीतच करून दिलंय. माझ्या बाजूला पासवर्ड आहे."

"म्हणजे मला कुलूप."

"तुम्हाला नाही. चुकून तुमच्या पाठोपाठ कुणी आत शिरलं तर त्याला."

"माझ्याकडून चुकून? चौतीस वर्षांत या घरात माझ्या हातून दूध उतू गेलेलं नाही."

हे अगदी खरं नाही, पण सुनेसमोर बोलायचं ते बोलायचं असतं. माझा मुलगा प्रबुद्ध ताटात बघून जेवत राहिला. दोन बायकांच्या मध्ये बसला की ताटातच बघायचं, हे तो बापाकडून शिकलाय.

आता संघमित्रा त्या कॉम्प्युटरात करते काय, तेही सांगते. चारकोपला आमच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी दोन ते चार कुणी बोलत नाही. आतल्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून ती बारावीचं इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचते आणि आवाज कॉम्प्युटरात भरते. वांद्र्याला अंध मुलींची एक शाळा आहे, तिथल्या मुली ते ऐकून परीक्षेला बसणार. त्या वेळात पंखा बंद, टीव्ही बंद. दहा महिने झाले, मी डाळ दीड वाजताच शिजवून मोकळी होते, कारण कुकरची शिट्टी धड्यात गेली तर सगळा धडा पुन्हा वाचावा लागतो. भंगारवाल्याला खिडकीतून मी असं बघते की तो पुढच्या सेक्टरला गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. अबोल्याच्या बावीस दिवसांतही मी दोननंतर कुकर लावला नाही. सुनेवरचा राग वेगळा, पोरींची परीक्षा वेगळी.

सव्वीस धडे होते. पंचवीस झाले होते, एक उरला होता. शनिवारी सगळं शाळेत द्यायचं होतं. आणि बुधवारी विमला वर आली.

विमला आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मालवणची आहे, जीभ माझ्याइतकीच धारदार, म्हणून आमचं पटतं. तिच्या मुलाचं, सुशांतचं लग्न दोनच दिवसांपूर्वी झालं होतं. हातात वाटी, वाटीत खोबऱ्याच्या वड्या आणि वड्यांवर प्लास्टिकच्या पिशवीत पेनड्राइव्ह.

"बघ गो, हळदीचा सगळा ह्यात आसा. तू नाचलंस ता पण."

"ठेव. संघमित्रा वांद्र्याच्या शाळेत गेलीये, आली की लावेल. बाहेरचा पेनड्राइव्ह तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही म्हणते."

विमला दारातच थांबली. "सुनेक इचारूचा लागता काय गो तुका?"

बस्स. ती खाली उतरली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसले.

तरी नुसतं बघायचं असतं तर मी कदाचित थांबले असते. पण आमच्याकडे कुणाची वाटी रिकामी परत जात नाही. वड्या आल्या तर वाटीत लाडू जातील, निदान चिमूटभर साखर तरी जाईल. मग पेनड्राइव्ह तरी रिकाम्या हाती कसा पाठवायचा? मी ठरवलं, माझे नागपूरचे दीक्षाभूमीचे फोटो त्यात घालून द्यायचे. विमला बघेल तरी, मी कुठे कुठे जाऊन आले ते.

लावला. आत एक पिवळं पाकीट दिसलं, खाली लिहिलेलं 'हळद'. मी टिचकी मारली. पाकीट उघडलंच नाही. उलट एक चौकट आली, कॉम्प्युटरात बदल करायला पासवर्ड द्या. माझ्या घरात मला विचारणारा तू कोण, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. चौकट बंद केली, पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चौकट. असं तीनदा झालं.

मग माझ्या फोटोंची तोंडं जायला लागली. आधी दीक्षाभूमी, मग प्रबुद्धचं लग्न, मग आमचे हे. एकेक करून सगळे पांढरे कागद झाले, खाली वेडीवाकडी अक्षरं. शेवटी इंग्रजीत काहीतरी लालभडक लिहून आलं.

मला त्या वेळी फोटो आठवले नाहीत. मला पंचवीस धडे आठवले. दहा महिन्यांची डाळ आठवली.

बावीस दिवस जिच्याशी बोलले नव्हते, तिला मी फोन लावला.

"संघमित्रा, वाट लागली. विमलाचा पेनड्राइव्ह लावला मी."

 तिचा आवाज असा शांत, जसा धडा वाचताना असतो. "आई, भिंतीवरचं बटण बंद करा. कॉम्प्युटरचं. केलं? आता वायफायच्या डब्याचं. आता पेनड्राइव्ह काढा आणि बाजूला ठेवा. बाकी कशाला हात लावू नका. मी येते."

तासाभरानं आली. चपला काढल्या, पाणी प्याली आणि मला पहिलं वाक्य काय म्हणाली? "जेवलात का?" मी असते तर शेजारपाजार गोळा केला असता.

कपाटातून तिनं एक लहानसा पेनड्राइव्ह काढला, फक्त साफसफाईसाठी ठेवलेला. कॉम्प्युटर त्याच्यावर चालू केला आणि तपासायला लावला. दोन तास लागले. मी तिच्या मागे उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग तिनं स्वतःच्या बाजूचा पासवर्ड घातला, पहिला धडा लावला, आणि खोलीत तिचाच आवाज आला. दुसरा धडा लावला. मी म्हटलं, सगळे लाव. तिनं पंचवीसच्या पंचवीस थोडे थोडे लावून दाखवले.

"ते पाकीट नव्हतंच, पाकिटाच्या वेषात व्हायरस होता. तो चोर तुमच्या बाजूनं आत आला," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत होतं ते त्यानं नासवलं. माझ्या खोलीत यायला त्याला पासवर्ड हवा होता. तुमच्याकडे नव्हता, म्हणून त्यालाही मिळाला नाही."

"आणि असता माझ्याकडे तर?"

विचारता विचारताच मला कळलं. मी रागाच्या भरात तीन वेळा दिला असता.

मग तिनं गोधड्यांच्या पेटीतून काळी डबी काढली. दर रविवारी ती त्यात सगळ्याची नक्कल करून ठेवते, स्वतःचीही आणि माझीही, आणि झालं की तार काढून पेटीत ठेवते. "जोडून ठेवली तर चोर तिथेही जाईल," म्हणाली. माझी बाजू तिनं पार पुसून काढली, नवी केली आणि त्या डबीतून दीक्षाभूमी परत आणली. प्रबुद्धचं लग्न आलं. आमचे हे आले. गेले ते फक्त सोमवारचे, सुशांतच्या लग्नातले. हिरव्या साडीत मी काय झकास दिसत होते, पण असो.

"हे सगळं कुठे शिकलीस गं?"

"निम्मं क्लासात. निम्मं तुमच्या माळ्यावर."

माळ्यावर माझी लोणच्याची मोठी बरणी असते, तोंडाला फडकं बांधलेली. तिला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही. रोजच्यासाठी खाली छोटी बरणी. कुणी ओला चमचा घातला, बुरशी आली, तर छोटी जाईल, मोठी राहील. ही लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला हे सांगितलं होतं, तेही जरा टोचूनच. पोरीनं टोचणं सोडून दिलं आणि शहाणपण तेवढं ठेवलं.

संध्याकाळी मी विमलाकडे वाटी घेऊन गेले. वाटीत बेसनाचे लाडू, पेनड्राइव्ह हातात वेगळा.

"किती घरी फिरला हा?"

"सात. पेनड्राइव्ह आधी फोटोवाल्याकडे होतो. कित्याक गो, काय झाला?"

"आता आठव्या घरी जाऊ देऊ नकोस. त्यात रोग आहे. संघमित्रा येऊन तुझाही कॉम्प्युटर बघेल, बाकीच्या घरांनाही सांगेल." निघताना दारात थांबले. "आणि सुनेला विचारायचं असतं गं. तुझी आता नवीनच आलीये, सवय लावून घे."

गुरुवारी दोन वाजता गोधड्या टांगल्या गेल्या. मी दारावरची बेलच काढून ठेवली आणि जिन्यात स्टूल टाकून बसले. सव्विसावा धडा एका बैठकीत झाला.

चहा पिताना संघमित्रा म्हणाली, "आई, तुम्हाला वाईट वाटत असेल तर आपण पुन्हा एकच करू. पासवर्ड तुम्हालाही देते."

"नको," मी म्हटलं. "माझी चूल वेगळीच राहू दे."

शनिवारी ती धडे घेऊन वांद्र्याला निघाली. तिच्या पिशवीत मी मुलींसाठी लोणच्याचा डबा घातला. मोठ्या बरणीतलं लोणचं होतं. फडकं सोडायला मी तिलाच माळ्यावर चढवलं होतं.