बसायची सोय

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर कोरी करकरीत खुर्ची! हिला कसली आलीय जीवनकहाणी? पण मी सात वर्षांची जुनी खुर्ची आहे. माझी गादी दबलेली नाही, पायांचं रबर झिजलेलं नाही, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे. इतर जुन्या वस्तू आपण कशा झिजलो ते सांगतात. मी न झिजल्याचं सांगणार आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. तिथला वेल्डर चांगला आडदांड माणूस होता. लोखंडी नळ्या वाकवून, जोडून, घासून खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यावर धपकन बसायचा आणि डावीउजवीकडे डुलून बघायचा. माझ्यावरही बसला. "कुरकुरत नाही. पास!" असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता जन्मभर कोणी ना कोणी दमलेलं माणूस येईल आणि असंच हुश्श करून बसेल. मी भलतीच खूश होते.

आम्हा बेचाळीस खुर्च्यांची ऑर्डर शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्याने दिली होती. तिथले शर्ट बोटीने दूरदेशी जात. ज्या मोठ्या कंपनीच्या नावाने ते विकले जात, तिने कारखान्याला एक लांबलचक प्रश्नपत्रिका पाठवली होती. कामगारांना कुठे इजा होऊ शकते, कुठे त्रास होऊ शकतो, तो कमी करायला तुम्ही काय केलंत, असे पानेच्या पाने प्रश्न. त्यातला एक होता, 'कामगारांना बसायची सोय आहे का?' मॅनेजरसाहेबांनी आम्हाला मागवलं आणि पुढे लिहिलं, 'आहे.' खोटं काहीच नव्हतं. आम्ही होतोच की!

शर्ट तपासायच्या हॉलमध्ये बेचाळीस टेबलं होती. प्रत्येक टेबलाशी एक बाई उभी राहून शर्ट उलटासुलटा करायची, सुटलेले धागे कात्रीने कापायची, टाके बघायची. आम्हाला टेबलांच्या मागे भिंतीला लावून ठेवलं. माझ्यावर सतरा नंबर घातला. पहिल्या दिवशी एका बाईने माझ्या गादीवर हात फिरवला, तेवढ्यात सुपरवायझर ओरडला, "प्लास्टिक काढायचं नाही! आणि बसायचं तर मुळीच नाही. बसलं की हात मंदावतात."

वर्षातून एकदा तपासणी असायची. त्या दिवशी आम्हाला पुसून टेबलांना लावायचे आणि बायकांना बसवायचे. आदल्या दिवशी तालीम व्हायची. "कोणी विचारलं तर काय सांगायचं?" असं सुपरवायझर विचारायचा आणि बायका एका सुरात म्हणायच्या, "रोज बसतो!" तपासणारे आम्हाला मोजायचे, आमचे फोटो काढायचे. एकदा माझा फोटो कंपनीच्या अहवालात छापून आला. गेटवर प्रमाणपत्र लागलं. मला अभिमान वाटला होता, हे मी लपवणार नाही. तपासणीवाले गेले की आम्ही पुन्हा भिंतीला.

मित्रांनो, भिंतीशी उभं राहून मी माणसांचं बोलणं फार ऐकलं. त्या हॉलमध्ये काय काय बसत नव्हतं! नव्या मुलीचा कामात हात बसायचा. सुपरवायझरचा वचक बसायचा. साहेबांच्या धंद्याचा जम बसला होता. बायकांना बोलणी बसायची. बसत नव्हत्या त्या फक्त बायका.

माझ्यापुढच्या, सतरा नंबरच्या टेबलाशी एक तरुण बाई होती. तिला सगळे भिंग म्हणत. चष्मा नाही, काही नाही, पण एक टाका चुकला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही. शेजारच्या टेबलाशी तिची थोरली जाऊ. एका घरातल्या दोघी, येणं-जाणं बरोबर, डबा एक. भिंगचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं तेव्हा तिने ॲप्रनची गाठ सैल केली आणि कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचे पाय इतके सुजायचे की चप्पल पायात जायची नाही.

एके दिवशी ती सुपरवायझरकडे गेली. "दादा, तासाला पाच मिनिटं बसू का? डॉक्टरांनी सांगितलंय. खुर्ची मागेच आहे."

"बसायचं असेल तर घरी बस," तो म्हणाला. "गेटबाहेर वीसजणी उभ्या आहेत तुझ्या जागेसाठी."

ती परत येऊन उभी राहिली. तिच्या पाठीपासून मी दोन हातांवर होते. दोन हात, मित्रांनो!

पुढच्याच महिन्यात तपासणी आली. त्या दिवशी सकाळी नऊला भिंग माझ्यावर बसली. आधी टेकली, मग हळूच पाठ टेकवली, मग तिने डोळे मिटले. वेल्डरनंतर माझ्यावर मनापासून बसलेलं ते पहिलं माणूस. थोड्या वेळाने ती जावेकडे वाकून म्हणाली, "जाऊबाई, आज बाळ कसं गप आहे बघा. रोज नुसत्या लाथा मारतं."

"बसून घे," जाऊ म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उठू नकोस. डबा मी इथेच आणते."

अकराच्या सुमाराला तपासणीवाल्या मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्या दिवशी त्यांना आणखी तीन कारखाने बघायचे होते. जावेपाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला रोज बसायला मिळतं का?"

सुपरवायझर मॅडमच्या खांद्यामागेच उभा होता. त्याची नजर जावेवर नव्हती, भिंगच्या पोटावर होती. जावेला ते दिसलं. आपण नाही म्हटलं तर ही उद्या घरी बसणार, हे तिला कळलं. ती म्हणाली, "हो मॅडम. रोज बसतो."

मॅडमनी माझ्या प्लास्टिकवर बोट ठेवलं. "हे अजून काढलं नाही?"

"नवीनच आणल्यात," मॅनेजरसाहेब हसून म्हणाले. "जुन्या झिजल्या, टाकून दिल्या."

मॅडमनी लिहून घेतलं, 'खुर्च्या वेळोवेळी बदलल्या जातात.' शेजारी बरोबरची खूण केली. मला तोंड नाही, नाहीतर मी तिथेच किंचाळले असते. दुपारी एकला त्या गेल्या, आणि पाच मिनिटांत आम्ही भिंतीला लागलो.

त्यानंतर तेराव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, भिंगच्या हातातून कात्री पडली. तिने टेबलाची कड धरली आणि ती खाली बसली, जमिनीवर. जाऊ ओरडली. सुपरवायझरही घाबरला. "खुर्ची आणा, खुर्ची!" चौघींनी तिला माझ्यावर बसवलं आणि मला उचलून गेटपर्यंत नेलं. सगळ्या वाटेवर ती एकच म्हणत होती, "जाऊबाई, हलत नाहीये. बाळ हलत नाहीये."

बाळ गेलं. असं कशामुळे झालं ते नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मॅनेजरसाहेबांना ते वाक्य फार आवडलं. दोन दिवस ते ज्याला त्याला तेच ऐकवत होते. इकडे सुपरवायझरने ओल्या फडक्याने मला पुसलं. रक्ताचा एक थेंब राहिला नाही. "बरं झालं प्लास्टिक होतं," तो म्हणाला. भिंग पुन्हा कामावर आली नाही. तिच्या टेबलाशी एक नवी मुलगी उभी राहिली.

वर्ष फिरलं. तपासणीचा दिवस आला, त्याच मॅडम आल्या. आम्हाला टेबलांना लावलं. "बसा!" सुपरवायझर म्हणाला. एक्केचाळीस बायका बसल्या. जाऊ उभीच राहिली. त्याने दात ओठ खाऊन पुन्हा सांगितलं, तरी ती हलली नाही. मग तिच्या पलीकडची उठली. मग मागची रांग उठली. बघता बघता सगळा हॉल उभा राहिला.

मॅडम गोंधळल्या. त्यांनी जावेला विचारलं, "तुम्ही बसत का नाही?"

"सवय नाही, मॅडम," जाऊ म्हणाली.

 मॅडमनी आम्हा खुर्च्यांकडे पाहिलं, प्लास्टिककडे पाहिलं, गेल्या वर्षीचा कागद काढून वाचला. मग मॅनेजर आणि सुपरवायझरला बाहेर जायला सांगून त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या बायकांमध्ये दीड तास थांबल्या. जे गेल्या वर्षी करायला हवं होतं, ते त्यांनी या वर्षी केलं.

आता नियम झाला आहे. तासाला दहा मिनिटं बसायचं. नवी मुलगी माझ्यावर बसते, पण कडेवर, आणि कोणाच्या पावलांचा आवाज आला की ताडकन उठते.

मित्रांनो, मला नीट जपा, असं मी सांगणार नाही. जपल्यामुळेच माझा जन्म फुकट गेला. माझं प्लास्टिक फाडा, मला वापरून वापरून मोडून टाका. आणि मोठे होऊन कुठे तपासायला गेलात तर खुर्च्या मोजत बसू नका. माणसांना विचारा, आणि विचारण्याआधी साहेबाला बाहेर पाठवा.

जाऊ मात्र अजून बसत नाही. कालच ती मुलगी तिला म्हणाली, "मावशी, बसा की. आता कोणी ओरडत नाही."

जावेने हातातल्या शर्टाचा धागा कापला. "मला बसवत नाही गं," ती म्हणाली. "मी हो म्हणाले नसते, तर आमचं बाळ आज बसायला लागलं असतं."