कुठेच न जाणारा जिना

मी एक जुना जिना आहे. हसू नका मित्रांनो, पण मला माडीच नाही! एका बाजूने चार पायऱ्या चढायच्या, वर जेमतेम दोन पावलांची फळी, आणि दुसऱ्या बाजूने चार पायऱ्या उतरल्या की माणूस पुन्हा त्याच खोलीत! नवीन आलेला प्रत्येक जण मला बघून हमखास विचारतो, "हा कुठे जातो हो?" आणि आमच्या फिजिओ मॅडम ठरलेलं उत्तर देतात, "तुमच्या घरी."

मी दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत राहतो. पडून हाड मोडलेली, झटक्याने एक बाजू लुळी पडलेली माणसं इथे पुन्हा चालायला शिकतात. सुतारमामांनी मला जुन्या दारांच्या लाकडातून घडवलं. कठडा तर त्यांनी इतका घासला, इतका घासला, की मॅडम म्हणाल्या, "मामा, पुरे! झिजून जाईल तो."

"मॅडम, याला धरणारा माणूस आधीच घाबरलेला असणार," मामा म्हणाले. "त्यात हातात कुसळ गेलं तर तो परत हात लावेल का?"

मामा, तुमचे उपकार मी कसे विसरेन!

मग सुरू झाली माझी नोकरी. मित्रांनो, मला माणसाचं वजन कळत नाही, भीती मात्र लगेच कळते. पहिल्या दिवशी माणूस कठडा धरत नाही, आवळतो. हळूहळू मूठ सैल होते. शेवटी नुसती बोटं टेकतात आणि एक दिवस तीही सुटतात. तेव्हा माझी छाती अशी फुगते म्हणून सांगू! बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आजोबा तर वरच्या फळीवर पोचले की ओरडायचे, "चला, उतरून घ्या, शेवटचा स्टॉप!" सगळी खोली हसायची.

पण दिवस सारखे राहत नाहीत. माझं पॉलिश उडालं. तिसरी पायरी कुरकुरू लागली. मामा म्हातारे झाले आणि माझ्याकडे कोणी बघेना. अशात एके सकाळी मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, मोजपट्टी घेऊन आले आणि भिंती मोजू लागले. मी मनात म्हटलं, आता माझं काही खरं नाही!

मोठे डॉक्टर वाईट नव्हते हं. शरीराच्या आतलं चित्र काढणारं एक मोठं मशीन त्यांना आणायचं होतं, कारण त्या तपासणीसाठी रुग्णांना फार लांब जावं लागायचं. पैसे एकाच गोष्टीपुरते होते आणि मोठी खोली होती फक्त आमची. ते मॅडमना म्हणाले, "इथे लोक चढतात, उतरतात, गप्पा मारतात. यानं नेमका काय फरक पडतो, मला कोणी सांगेल का?"

प्रश्न रास्त होता, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून मग आरोग्य खात्याकडून एक अभ्यास करणारी ताई बोलावली गेली. तिचा विषय होता आरोग्याचं अर्थशास्त्र. अर्थशास्त्र ऐकून मला वाटलं, संपलं! आता ही माझं लाकूड किती किलो भरतं ते बघणार!

तसं काही नव्हतं. तिची पहिली गाठ पडली शिवणकाकूंशी. काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचं शिलाई मशीन होतं घरात वरच्या मजल्यावर आणि त्या अडकल्या होत्या खाली. लेकीच्या खांद्याला धरून त्या आल्या होत्या. माझी पहिली पायरी बघूनच त्यांना घाम फुटला होता.

"काकू, पैसा थोडा आणि गरजा पुष्कळ," ताई म्हणाली. "कुठे खर्च केला तर माणसांचं जगणं जास्त सुधारतं, ते मी शोधते." मग तिने थर्मामीटरसारखी एक उभी पट्टी काढून दाखवली. खाली शून्य, वर शंभर. "आज तुमची तब्येत कुठे आहे, बोट ठेवा बरं."

काकूंनी पदर सावरला, मॅडमकडे बघून हसल्या आणि थेट टोकाजवळ बोट ठेवलं. "पंच्याण्णव लिही. अगदी मजेत आहे मी!"

पंच्याण्णव! मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी किंचाळलोच असतो. आणि एकट्या काकूच नाहीत, सगळ्यांनी तेच केलं. काठी टेकत आलेले म्हणाले नव्वद. चाकांच्या खुर्चीतून आलेले म्हणाले, "छान चाललंय की!" कोणी आस्थेने विचारलं की छानच म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक!

काही आठवड्यांनी ताईने मॅडमना आकडे दाखवले. तिचा चेहरा पडला होता. "मॅडम, तुमच्याकडे सगळे पहिल्याच दिवशी बरे असतात हो! येतानाही नव्वद, जातानाही नव्वद. मग खोलीनं काय केलं? कागदावर तरी काहीच नाही."

मी मनातल्या मनात मामांचा निरोप घेऊन टाकला.

त्याच दुपारी ताई चहाचा कप घेऊन माझ्या खालच्या पायरीवर टेकली होती. पलीकडच्या बाजूला काकूंची लेक त्यांना बूट घालत होती.

"पंच्याण्णव म्हणे!" लेक फणकारली. "काल रात्री न्हाणीघरात जाताना कोण रडत होतं? शेजारीण?"

"हळू बोल गं! मग काय, परक्या पोरीला रडगाणं ऐकवू? बिचारी एवढ्या लांबून येते. आणि मॅडमसमोर दुखतंय म्हटलं तर त्यांना वाटेल, माझ्या कष्टांचं चीज झालं नाही."

ताईने कप माझ्यावर ठेवला आणि वळून विचारलं, "काकू, म्हणजे तुम्ही सगळेच माझं मन राखत होतात?"

काकू ओशाळल्या. खोलीवर काय वेळ आली आहे ते ताईने सांगितलं तेव्हा मात्र त्या एकदम तावातावाने म्हणाल्या, "मग पुसून टाक ते! शून्य लिही! मी मेल्यात जमा आहे म्हणून लिही!"

"नाही हं काकू," ताई हसली. "फुगवलेलं नको आणि पाडलेलंही नको. मला तुम्ही आवडता म्हणून आकडा हलवता येत नाही. खरं सांगा, घरात वर शेवटचं कधी गेला होतात?"

"पडले त्या दिवशी," काकू हळूच म्हणाल्या. "मशीनवर एक झबलं अर्धं शिवून तसंच आहे."

"आणि तुझं काय गं?" ताईने लेकीला विचारलं. "आईबरोबर रोज येतेस, काम कसं जमतं?"

लेक बुटाची नाडी बांधतच राहिली. "दुकानातली नोकरी सोडली मी."

"सोडलीस?" काकू ताडकन म्हणाल्या. "मला तर म्हणालीस, रजा आहे!"

"तू ताईला पंच्याण्णव म्हणालीस ना? तसंच मी तुला रजा म्हणाले."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी काकूंचे डोळे भरले, मग लेकीचे, आणि मग कोण जाणे का, दोघींना हसूच फुटलं.

त्या दिवसापासून ताईने विचारण्याची रीतच बदलली. मॅडमना बाहेर थांबवून, एकेकाला एकटं गाठून ती विचारू लागली. अंघोळ कोण घालतं, रस्ता ओलांडता का, घरच्यांचं कोणतं काम बुडतं. लोकांच्या घरी गेली. जिथे अशी खोलीच नाही, अशा दुसऱ्या दवाखान्यातल्या माणसांनाही तिने हेच विचारलं. केवढी पायपीट केली तिने!

अखेर निर्णय घेणारी समिती खोली बघायला आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन सदस्य चक्क माझ्यावर बसले! ताईने सगळं मांडलं. दुसऱ्या दवाखान्यातली कितीतरी माणसं घरी जाऊन पुन्हा पडली होती, पुन्हा खाटेवर आली होती. आमच्या खोलीतून गेलेली माणसं मात्र फारच कमी वेळा पडली. त्यांच्या घरचे लवकर कामावर परतले. खाटा, औषधं आणि घरच्यांचे बुडालेले दिवस धरले तर आमची खोली तिच्यावरच्या खर्चापेक्षा जास्त वाचवत होती. पण ताईने आमची चूकही लपवली नाही. साध्या दुखण्याची माणसं महिनोन्‌महिने उगाच येत होती. त्यांना व्यायाम शिकवून घरी करायला सांगावं, असं ती म्हणाली.

मोठे डॉक्टर मोजपट्टीशी चाळा करत होते. "मी विचारलं होतं, काय फरक पडतो," ते म्हणाले. "आता कळलं." आणि मोजपट्टी खिशात गेली! खोली राहिली. मशीन शेजारच्या दवाखान्याबरोबर भागीदारीत, मागच्या गोदामाच्या जागी घ्यायचं ठरलं. त्याला वेळ लागेल, पण तेही येईल. मोठ्या डॉक्टरांचे मी मनापासून आभार मानतो, कारण त्यांनी खोली बंद करण्याआधी विचारलं.

अशा उगाच येणाऱ्यांत कंडक्टर आजोबाही निघाले, अगदी ठणठणीत! "म्हणजे माझा पास रद्द?" असं म्हणत, रुसत रुसत गेले. मला त्यांची आठवण येते, पण त्यांच्या वेळेला आता नुकतीच उठून बसू लागलेली एक आजी येते.

आणि काकू? त्यांच्या मुठी सैल झाल्या, मग नुसती बोटं टेकू लागली, मग तीही सुटली. एक दिवस त्या काखेत कापडाची घडी घेऊन आल्या. लेक सोबत नव्हती. ती दुकानात होती! काकूंनी घडी उलगडली. मला धूळ लागू नये म्हणून त्यांनी माझ्या मापाची खोळ शिवली होती. वरच्या मजल्यावर, त्यांच्या मशीनवर!

ताईने शेवटचं विचारायला पट्टी पुढे केली. काकूंनी मॅडमकडे बघितलं नाही. विचार करून बोट ठेवलं.

"सत्तर. पावसाळी हवेत खुबा ठणकतो, आणि अजून खाली वाकता येत नाही."

मित्रांनो, ताई त्या सत्तरवर जेवढी खूश झाली, तेवढी त्या पंच्याण्णववर कधीच झाली नव्हती!

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. कुणी मनापासून विचारलं, "कसे आहात?" तर खरं सांगा. तुमच्या खऱ्या उत्तरावर कुणाची तरी खोली उभी असते. आणि माझ्यासारखं जुनं, कुरकुरणारं काही दिसलं, तर ते हलवण्याआधी ज्यांनी त्याला धरलं होतं त्यांना एकदा विचारा.

बरं, आता पुरे. मॅडमनी माझी खोळ काढली आहे. दारात एक नवीन माणूस लेकाच्या खांद्याला धरून उभा आहे आणि माझ्याकडे बघून विचारतो आहे, "हा कुठे जातो हो?"