मिठाचं माप

सुभद्रेने सुनेच्या हातातली सुई काढून घेतली आणि टोचून टोचून खड्डे पाडलेली ओल्या मातीची फरशी उन्हात तिरकी धरली.

"ह्यां काय गो? तोंडार देवी इल्यासारखी दिसता."

विनीताने हाताची माती फडक्याला पुसली. तारकर्लीतल्या एका नव्या हॉटेलाला खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या दगडासारख्या फरश्या हव्या होत्या. नमुने पसंत पडले नाहीत तर तिची भट्टी बंद करून नवऱ्याने मुंबईची नोकरी पुन्हा धरायची, असं दोघांचं ठरलं होतं. सुभद्रेला कोणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या घरात भिंतींना कान लागत नसत, तिचे दोन पुरत.

"तू पडलंस वैभववाडीची, डोंगरातली. वारो भायरसून ओरबाडता असां वाटता तुका? अगो, मीठ भितर शिरता आणि भितरसून खाता."

"मग कसां करू, माई?"

सुभद्रेने जाड्या मिठाची बरणी आणली. बांगडे खारवायची वेळ आली की माप दिसू नये म्हणून नऊ वर्षं ती सुनेला विहिरीवर पिटाळत आली होती. आज म्हणाली, "बस हयसर. बघ."

चिमटी-चिमटीने तिने मीठ पेरलं. एका कडेला दाट, पुढे विरळ होत गेलेलं. मग तळहाताने दाबलं.

"सगळीकडे सारख्यां नको. वारो एकाच बाजून येता."

मीठ मातीत विरघळलं. भट्टीतून फरशी निघाली ती एका कडेला खोल खाल्लेली, पुढे गुळगुळीत होत गेलेली; विनीताने तिच्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला.

सोमवारी हॉटेलाकडून रश्मी नावाची बाई आली. सुईने कोरलेल्या सहा फरश्या तिने उलटसुलट करून बाजूला ठेवल्या. सातवीवर तिचा हात थांबला.

"अशा चारशे द्या. पण हे केलंत कसं?"

विनीताने सासूकडे बोट केलं. "आमच्या माईंनी..."

सुभद्रेने पदर सावरला आणि ठेवणीतली मराठी बाहेर काढली.

"घरचं माप आहे ते, बाई. पोटच्या लेकीलाही दिलं नाही, ती दुसऱ्याच्या घरी नेईल. सुनेला दिलंय. तिला विचारा, ती सांगते काय बघा."

रश्मी हसून विनीताकडे वळली. विनीताने हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"बाहेर नाही सांगत आम्ही."

सुभद्रेने मान दुसरीकडे फिरवली.

"चाय ठेवतंय," ती म्हणाली, आणि चुलीकडे न जाता तिथेच उभी राहिली.